विरळणीचे लाकूड

(बी. ए. द्वितीय वर्ष)

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातून आम्हा विद्यार्थ्यांना एक निसर्ग माहिती केंद्र पाहण्यासाठी नेले होते. जंगलाच्या तोंडाशीच ते केंद्र आहे. आत वाघाचा पुतळा होता, पक्ष्यांची चित्रे होती, 'वृक्ष हेच जीवन' अशा पाट्या होत्या. पण माझे लक्ष गेले ते दारातल्या खांबांकडे. सागाच्या बुंध्यासारखे ते खांब दिसत होते. त्यांवर साल होती, गाठी होत्या. एका ठिकाणी तर फांदी तोडल्याची खूणसुद्धा होती. मी घरच्या सवयीने बोटाच्या पेराने टकटक करून पाहिले. खांब थंडगार आणि मुका! तो सिमेंटचा होता. वरून तपकिरी रंग देऊन त्याला लाकूड केले होते. केंद्राच्या मागे मात्र रोपवनातून काढून आणलेल्या सागाच्या बल्ल्यांची थप्पी पडली होती. "याचे काय होणार?" म्हणून मी तिथल्या चौकीदाराला विचारले. "जळाऊत जाईल," तो म्हणाला.

मित्रहो, जंगलाची माहिती देण्यासाठी जंगलाच्या दारात बांधलेले घर सिमेंटचे; ते लाकडाचे वाटावे म्हणून त्यावर रंग; आणि खरे लाकूड मागच्या बाजूला जळणाच्या ढिगात! ह्या विसंगतीचे त्या दिवशी कुणालाच काही वाटले नाही. तिथल्या तिथे बोलण्याचा धीर मलाही झाला नाही. परंतु तो खांब माझ्या डोक्यातून जाईना. त्यातून मी शोध घेऊ लागलो, विचारू लागलो, आणि जे कळले ते आपल्यापुढे मांडावे असे वाटले.

आधी स्वतःविषयी थोडे सांगणे भाग आहे. मूल तालुक्यातले आमचे गाव जंगलाला लागून आहे. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. बाबा सुतारकाम करतात. बैलबंडी, वखर, दारे-खिडक्या, जे गावाला लागेल ते. गावात काम नसले की ते आणि माझा थोरला भाऊ कूपात मजुरीला जातात. पहिल्या वर्षाच्या प्रवेश अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' ह्या रकान्यापुढे मी 'शेती' असे लिहिले होते. आमच्याकडे शेत नाही. अंगणात वांग्याची चार झाडे आहेत, तेवढीच आमची शेती! 'सुतार' असे लिहायची मला लाज वाटली. ही कबुली छापून येणार हे ठाऊक असूनही देतो आहे, कारण पुढे जे म्हणायचे आहे त्याच्याशी तिचा जवळचा संबंध आहे.

विरळणी हा शब्द शहरातून आलेल्या मित्रांना कदाचित नवा असेल. सागाचे रोपवन लावताना सर्वसाधारणपणे दोन-दोन मीटर अंतरावर रोपे लावतात. म्हणजे एका हेक्टरात २५०० रोपे होतात. इतकी झाडे तिथे मोठी होणे शक्यच नसते. म्हणून काही वर्षे गेली की वाकडी, दबलेली, फार जवळ आलेली झाडे काढून टाकतात. पुढे ठरावीक काळाने पुन्हा काढतात. उरलेल्यांना ऊन मिळते, ओल मिळते, ती सरळ आणि जाड होतात. अखेरच्या तोडीपर्यंत हेक्टरी दोन-तीनशे झाडे चांगली राहिली तरी रोपवन साधले असे म्हणतात. मधली झाडे काढण्याचे हे जे काम, तीच विरळणी.

अखेरपर्यंत राहिलेल्या झाडांचा मान मोठा असतो. ती बल्लारपूरच्या आगारात जातात आणि तिथून देशभर पोहोचतात. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी आमच्याच भागातले सागवान शोभायात्रा काढून पाठवले गेले, हे सर्वांना आठवत असेलच. त्याचा आम्हालाही अभिमान वाटला. परंतु त्या एका झाडामागे जी आठ-नऊ झाडे मध्येच निघाली, त्यांचे काय झाले? थोड्या बल्ल्या कुंपणाला गेल्या, थोड्या मांडवाला, थोड्या स्लॅबखाली टेकू म्हणून. बाकीच्या चुलीत. मनगटाएवढ्या, मांडीएवढ्या त्या लाकडाची गणना 'लाकूड' अशी कुणी करतच नाही.

शिबिराहून परतल्यावर मी भूगोलाच्या सरांना विचारले, "सर, नुसत्या बल्ल्यांची मोठी इमारत बांधता येते काय?" सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्रंथालयात बसवून मला काही चित्रे दाखवली आणि माहिती वाचायला दिली. ती इंग्लंडमधल्या हूक पार्क ह्या ठिकाणाची होती.

हूक पार्क हे इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डॉर्सेट परगण्यात, बीमिन्स्टर ह्या लहान गावाजवळ असलेले सुमारे साडेतीनशे एकरांचे जंगल आहे. त्याची कथा एका सुतारापासून सुरू होते, हे वाचून मी खुर्चीत सावरून बसलो! जॉन मेकपीस हे तिकडचे फर्निचर घडवणारे नामवंत कारागीर. त्यांनी १९७७ साली त्याच भागातल्या पार्नहॅम हाउस ह्या जुन्या वाड्यात लाकूडकामाची निवासी शाळा काढली. तिथे हातकामाबरोबर रचना आणि धंदा चालवण्याचे ज्ञानही शिकवीत. पुढे त्यांचे लक्ष लाकूड जिथून येते त्या जंगलाकडे गेले. बारीक लाकडाला किंमत नाही म्हणून विरळणी परवडत नाही. विरळणी नाही म्हणून झाडे दाटीत खुरटतात. आणि जंगल खुरटले की त्याच्या मालकाला त्याची पर्वा राहत नाही. हे चक्र तोडायचे तर त्या बारीक लाकडालाच मान मिळवून दिला पाहिजे. म्हणून १९८३ साली त्यांच्या न्यासाने हे जंगल घेतले आणि तिथे एक शाळा उभारायचे ठरवले. ह्या शाळेच्या इमारतीच त्या जंगलाच्या विरळणीच्या लाकडातून उभ्या करायच्या, असा त्यांचा निश्चय होता.

हे काम नुसत्या उत्साहाने होण्यासारखे नव्हते. म्युनिकच्या १९७२ च्या ऑलिंपिकसाठी तंबूसारखे अद्भुत छत रचणारे जर्मन वास्तुविशारद फ्राय ओटो त्यात आले. अहरेंड्स, बर्टन आणि कोरालेक ही वास्तुविशारद मंडळी आली. एडमंड हॅपोल्ड यांच्या संस्थेचे अभियंते आले. एवढी मोठी माणसे कशासाठी एकत्र बसली? तर स्प्रूसच्या बारीक, ओल्या बल्ल्यांचे काय करता येईल हे ठरवण्यासाठी!

त्यांनी आधी एक नमुन्याचे घर बांधले. त्याचे छप्पर पाहून मला नवल वाटले. आपल्याकडे फाटे आढ्यावरून भिंतीवर टेकतात आणि वरच्या कवेलूंचे ओझे सोसतात. तिथे बारीक बल्ल्या आढ्यावरून दोरासारख्या सोडल्या आहेत आणि त्या तंबूच्या कापडासारखा किंचित झोळ घेतात. ह्यात शास्त्र असे की बारीक बल्लीवर वरून दाब आला तर ती मध्येच वाकते. पण तिला दोन्ही टोकांनी ओढले तर ती फार मोठा ताण सोसते. अडचण राहते ती जोडाची, कारण ओढताना लाकूड तुटत नाही, जोड निसटतो. म्हणून त्यांनी बल्लीच्या टोकात भोक पाडून त्यात रेझिन भरून लोखंडी सळई पक्की केली. असे जोड आधी प्रयोगशाळेत ओढून ओढून तपासले, मगच वापरले.

त्यानंतर १९८९ साली तिथली कार्यशाळा पुरी झाली. तिच्यात ओल्या बल्ल्या वाकवून कमानी केल्या आहेत आणि त्या कमानींनी सुमारे १५ मीटरांची रुंदी मध्ये एकही खांब न घेता झाकली आहे. पुढे १९९६ साली एडवर्ड कलिनन यांच्या संस्थेने विद्यार्थ्यांच्या निवासासाठी आठ खोल्यांचे घर रचले. तेही गोल बल्ल्यांचेच, आणि त्याच्या छपरावर गवत वाढते. २००२ साली हे सारे ठिकाण लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशन ह्या वास्तुकलेच्या शाळेकडे आले. तेव्हापासून तिथले विद्यार्थी जंगलात राहून स्वतः इमारती रचतात आणि स्वतः बांधतात.

त्यातली एक मला फार आवडली. २०१६ साली विद्यार्थ्यांनी लाकडाच्या तुकड्यांचे कोठार बांधले. हे तुकडे जाळून त्यांच्या इमारतींना ऊब दिली जाते. झाडाला जिथे दोन फांद्या फुटतात तो बेळक्याचा भाग बाजारात टाकाऊ मानतात, कारण त्यातून सरळ फळी निघत नाही. विद्यार्थ्यांनी जंगलातल्या उभ्या बीच झाडांची छायाचित्रे घेऊन त्यांतली बेळकी निवडली, त्यांची मापे संगणकात घातली, कोणते बेळके कुठे बसेल ते ठरवले आणि यंत्राच्या हाताने त्यांचे जोड कोरले. निसर्गाने फांदी जिथे घट्ट जोडून दिली आहे, तिथे माणसाने नवा जोड कशाला करायचा, हा त्यामागचा विचार.

हे वाचून मला हसू आले. आपल्याकडे दोन फाट्यांच्या खांबाला मेढ म्हणतात. लग्नाच्या मांडवाची पहिली मेढ पुरतो ती मुहूर्तमेढ. भाषणात आपण ऊठसूट 'मुहूर्तमेढ रोवली' असे म्हणतो, पण मेढ कशी असते हे आपल्या वर्गात किती जणांना सांगता येईल?

दिवाळीच्या सुट्टीत मी ही चित्रे बाबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावला, कागद उन्हाकडे धरला आणि बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "हे तं आपल्या बल्ल्याच आहेत ना बाबू! याच्यात नवल काय? नवल हे, का हे पोरायले कालेजात शिकवून रायले." नंतर त्यांनी एकामागून एक प्रश्न विचारले. बल्लीची साल काढली होती का? ओली लावली की वाळवून? वाळल्यावर जोड ढिला पडला नाही का? तिकडे वाळवी असते का? मला एकाही प्रश्नाचे धड उत्तर देता आले नाही. मी परिच्छेदच्या परिच्छेद पाठ केले होते, परंतु प्रश्न कोणते विचारायचे हे बाबांना ठाऊक होते. सातवीत शाळा सोडलेल्या माणसापुढे बी. ए. ला बसलेला मुलगा गप्प झाला, ही गोष्ट मला लाजेची वाटली नाही. विचार करायला लावणारी मात्र वाटली.

येथे मी माझ्या मुद्द्यावर येतो. आपल्या शिक्षणाने डोके आणि हात ह्यांची फारकत केली आहे. ज्याला वाचता येते त्याने हत्यार धरायचे नाही, आणि ज्याच्या हाती हत्यार आहे त्याला कुणी वाचायला बोलवायचे नाही, असा जणू अलिखित करारच आहे. मला महाविद्यालयात घालताना बाबा म्हणाले होते, "आता तुला रंधा धरावा लागणार नाही." त्यांनी ते आशीर्वाद म्हणून म्हटले, आणि मीही तसेच घेतले. आज वाटते, ह्या आशीर्वादात आपल्या समाजाचा केवढा पराभव भरलेला आहे! स्वतःच्या विद्येपासून मुलाची सुटका व्हावी असे एका कसबी माणसाला वाटते, ह्याहून वाईट काय असेल?

ही गोष्ट काही मी नव्याने सांगतो आहे असे नाही. १९३७ सालच्या ऑक्टोबरात आपल्या शेजारी वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. उत्पादक हस्तव्यवसायाच्या आधारे शिक्षण द्यावे, हा विचार गांधीजींनी तिथे मांडला, आणि झाकीर हुसेन समितीने त्याचा अभ्यासक्रम तयार केला. त्यालाच नई तालीम म्हणतात. परीक्षेत मी त्यावर पाच गुणांची टीप लिहिली आहे. पण ती लिहिताना मला बाबांचा रंधा आठवला नाही, हे खरे. हूक पार्कची चित्रे पाहिली तेव्हा तो आठवला. आपलीच गोष्ट दुरून आल्यावर आपल्याला दिसते, ही आपली जुनीच खोड आहे.

आणखी एक गोष्ट ह्या विरळणीने माझ्या मनात आणली. आमच्या गावच्या शाळेत पहिलीत माझ्याबरोबर तेवीस मुले-मुली होती. दहावी पास झालो सात. महाविद्यालयात आलो मी एकटा. माझा भाऊ इंग्रजीत दोनदा नापास झाला आणि शाळेबाहेर पडला. आज तो कूपात विरळणीच्या कामावर जातो. कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूने झाडाला एक टोला दिला की ते आतून पोकळ आहे की भरीव, हे तो आवाजावरून सांगतो. झाड कुठल्या अंगाला पडेल हे तो दोरी न लावता सांगतो. तो काही मंद नाही. त्याला एका विषयात काढून टाकले, एवढेच. परीक्षा हीदेखील विरळणीच आहे. काही जणांना वाव मिळावा म्हणून बाकीच्यांना मधूनच काढले जाते. मी राहिलो, म्हणून मी सरळ आणि तो वाकडा, असे मला मुळीच म्हणायचे नाही. रोपवनात विरळणी लागते, हे मी मान्य करतो. माणसांत ती असावी की नाही, ह्यावर थोरांनी बोलावे. पण काढलेले लाकूड म्हणजे टाकाऊ लाकूड नव्हे, हे हूक पार्कने लाकडाच्या बाबतीत सिद्ध केले आहे. माणसांच्या बाबतीत ते सिद्ध करायला आपल्याला काय हरकत आहे?

ह्यावर काही आक्षेप घेतले जातील. वसतिगृहात मित्रांनी ते घेतलेही.

पहिला आक्षेप असा की आधीच जंगल कमी होत असताना लाकडाची घरे बांधा म्हणणे म्हणजे कुऱ्हाडीला आमंत्रण देणे होय. भिंतीवरच्या घोषणा वाचून आपले मत असे झाले आहे की झाड तोडणे म्हणजे पाप. परंतु जंगल नाहीसे करणे वेगळे आणि जंगल राखून त्यातून लाकूड काढणे वेगळे. दरवर्षी जेवढे वाढते त्याहून कमी काढले आणि काढलेल्याच्या जागी नवे येऊ दिले, तर जंगल टिकते. शिवाय सुक्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा भाग कार्बनचा असतो. झाडाने तो हवेतून घेतलेला असतो. लाकूड जाळले की तो लगेच हवेत परत जातो. त्याचा खांब केला तर खांब उभा असेपर्यंत तो तिथेच राहतो. उलट जगभर जो कार्बन वायू माणूस हवेत सोडतो, त्यातला सुमारे सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटच्या उत्पादनाचा आहे. मग सांगा, त्या माहिती केंद्रातला रंगवलेला खांब जंगलाचा मित्र की मागच्या थप्पीतली बल्ली?

दुसरा आक्षेप आगीचा आणि वाळवीचा. हा खरा आहे आणि तो उडवून लावता येणार नाही. आपल्याच जिल्ह्यात चिचपल्लीला राज्य शासनाने २०१४ साली बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन केले. तिथली बांबूची भव्य इमारत लोक लांबून पाहायला येऊ लागले होते. २०२१ च्या फेब्रुवारीत तिथे मोठी आग लागली आणि फार नुकसान झाले. ती बातमी ऐकून आमच्या गावातही लोक हळहळले. ह्यातून धडा घ्यायचा तो असा, की लाकूड आणि बांबू ह्यांच्याशी लाडाने नव्हे, ज्ञानाने वागले पाहिजे. जाड लाकूड पेटले तरी वरून कोळसा धरते आणि आतला गाभा बराच वेळ टिकतो. बारीक आणि पोकळ वस्तू मात्र भडकन पेटते. म्हणून दोन इमारतींत अंतर हवे, पाण्याची सोय हवी, वायरिंग नीट हवे. वाळवीचेही तसेच. कोवळ्या सागात बाहेरचे पांढरे लाकूड जास्त आणि आतला टिकाऊ गाभा कमी असतो, म्हणून कोवळी बल्ली तशीच मातीत पुरली तर फार दिवस टिकत नाही. बाबा म्हणतात, खांब दगडाच्या बैठकीवर ठेवा आणि छपराचे पाखे पुढे काढा, म्हणजे लाकूड कोरडे राहील. बांबूला बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या पाण्यात मुरवण्याची रीत आता सर्वत्र रूढ आहे. एकूण काय, हा आक्षेप म्हणजेच अशा केंद्राची गरज आहे ह्याचा पुरावा आहे. जे धोक्याचे आहे ते शिकूनच वापरले पाहिजे.

तिसरा आक्षेप पैशाचा. तोही खरा आहे. हूक पार्क चालवणारी संस्था लंडनची खाजगी आणि महागडी शाळा आहे. तिथले यंत्राचे हात आपल्याला परवडणार नाहीत. तिथल्यासारखीच इमारत इथे उभारावी, असे माझे म्हणणे नाही. स्प्रूस आपल्याकडे नाही, तिकडची थंडी आपल्याकडे नाही, आणि आपले चंद्रपूरचे ऊन तिकडे नाही! घ्यायची ती त्यांची पद्धत. जंगलातच शाळा, जंगलाच्या उरलेल्या लाकडातून तिची इमारत, आणि बांधणारे हात शिकणाऱ्यांचे, ही ती पद्धत. यंत्राच्या हाताची आपल्याला गरजही नाही. आपल्याकडे माणसांचे हात आहेत आणि ते मजुरीच्या शोधात गाव सोडून चालले आहेत.

जंगल आणि अभ्यास ह्यांची सांगड घालणे आपल्या मातीला परके आहे, असेही कुणी म्हणू नये. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ह्या गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. ह्या गावाने हे मिळवले ते नुसत्या मोर्च्यांनी नव्हे. गावात अभ्यासगट बसत, कायदा वाचला जाई, मधमाश्यांपासून मासोळीपर्यंत गोष्टींचा अभ्यास होई, आणि एकमत झाल्याशिवाय निर्णय होत नसे. मला वाटते, आपल्या भागातील वनशिक्षण केंद्राचा पाया असा असावा. तिथे वनखात्याचे अधिकारी शिकवतील, आपले प्राध्यापक शिकवतील, तसेच गावचा सुतार आणि बुरूडही शिकवील. आणि त्याला मजूर म्हणून नव्हे तर शिक्षक म्हणून मानधन मिळेल. हे शेवटचे झाले नाही तर बाकी सगळे दिखाऊ आहे. नाहीतर आमच्याच बल्ल्या, आमचेच हात आणि उद्घाटनाच्या पाटीवर तिसऱ्याचेच नाव, हे चित्र आपण पुष्कळदा पाहिले आहे.

आता 'तू स्वतः काय करणार?' असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. माझी एक लहानशी सूचना आहे, ती मी प्राचार्य महोदयांना आणि सर्व प्राध्यापकवर्गाला नम्रपणे करतो. आपल्या सायकलतळावरचे टिनाचे छप्पर दोन पावसाळ्यांपूर्वी वादळात उडाले. तेव्हापासून आपल्या सायकली आणि दुचाकी उन्हापावसात उभ्या आहेत. ते छप्पर पुन्हा घालायचेच आहे. वनखात्याच्या आगारातून रीतसर पैसे भरून व वाहतूक परवाना घेऊन विरळणीच्या बल्ल्या आणाव्यात. अभियांत्रिकीच्या एखाद्या जाणकाराकडून आराखडा तपासून घ्यावा. पुढचे शिबिर दूरच्या गावात रस्ते झाडण्याऐवजी आपल्याच आवारात भरवावे, आणि दहा दिवस आपण मुला-मुलींनी साल काढावी, खाच पाडावी, कुसू बसवावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात कौशल्याच्या विषयांना जागा दिली आहे. त्या जागेत संगणकावरच्या टंकलेखनाबरोबर हेही बसायला काय हरकत आहे? शिकवायला कोण येईल म्हणाल, तर एक सुतार माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्याबरोबर त्यांचा थोरला मुलगाही येईल. तो दहावी नापास आहे, पण बल्ली निवडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही.

कला शाखेचा आणि ह्याचा काय संबंध, असे काही जण म्हणतील. आपण साहित्य वाचतो, इतिहास वाचतो, समाजशास्त्र वाचतो. त्यात श्रमाच्या प्रतिष्ठेविषयी पानेच्या पाने असतात. ती पाने आपण अधोरेखित करतो आणि हाताला माती लागलेल्या माणसाला मात्र 'ए' म्हणून हाक मारतो. मीही ह्याला अपवाद नव्हतो. म्हणून हा लेख मी दुसऱ्यांना उपदेश करण्यासाठी लिहिला आहे असे समजू नये. सिमेंटच्या खांबावर जसा लाकडाचा रंग होता, तसा मीही अर्जातल्या त्या रकान्यात स्वतःवर 'शेती' हा रंग दिला होता.

सायकलतळ होईल किंवा न होईल. वनशिक्षण केंद्राला तर किती वर्षे लागतील कोण जाणे! परंतु एक मेढ रोवण्यासाठी कुणाच्या मंजुरीची गरज नव्हती. ह्या वर्षी द्वितीय वर्षाचा अर्ज भरताना त्या रकान्यापुढे मी स्वच्छ अक्षरात 'सुतार' असे लिहिले. खिडकीतल्या बाबूंनी अर्ज घेतला, शिक्का मारला आणि पुढच्याला हाक दिली. त्यांना त्यात काहीच विशेष वाटले नाही. मला मात्र त्या दिवशी वाटेत भेटेल त्याला सांगावेसे वाटत होते.